बसून बसून गंजायलोय

वाचकाचं पत्र :

"ताई, आमच्या मालकांचं वय ४७. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, होते. पंधरा वर्षांची साखर, त्यातून लिव्हरला चरबी, मग सिरॉसिस. दारूला कधी शिवले नाहीत, तरी लोक बोलायचं ते बोलतातच. जानेवारीत पुण्याला लिव्हर बदललं. धाकट्या नणंदेनं दिलं. आता आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट छान आहेत. पण हे दिवसभर सोफ्यावर. माडीच्या चौदा पायऱ्या चढल्या की मांड्या थरथरतात. वजन नऊ किलो वाढलं. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत, 'टाके तुटत्याल' म्हणतात. परवा हे माझ्यावरच ओरडले, 'बसून बसून गंजायलोय बघ. असं बसवून ठेवायला वाचवलं व्हय मला?' आजारपणाआधी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाची उंच, जड काठी, पेलायचे. येत्या संक्रांतीला पुन्हा हात लावीन म्हणतात. मला भीती वाटते. व्यायाम चालतो का? किती? आणि नंदीध्वजाचं त्यांना काय सांगू?"

ताई,

चालण्यानं टाके तुटत नाहीत. हे वाक्य आधी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

पोटावरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते. तिच्याखाली, स्नायूंवर, एक जाड चिवट पडदा असतो. त्याला पुन्हा ताकद यायला काही महिने लागतात. म्हणून पहिले तीनेक महिने जड उचलू नका असं सांगतात, आणि सासूबाईंनी त्या काळात जी काळजी घेतली ती योग्यच होती. तो काळ आता मागे पडलाय. राहिलेली भीती हर्नियाची. बरगड्यांखालून आडवा गेलेला तो छेद मोठा असतो. साखर, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि वाढलेलं वजन या तिन्हींमुळे तो आतून सैल पडू शकतो. मालकांना आरशासमोर उभं करा आणि खोकायला सांगा. व्रणाच्या रेषेवर कुठे फुगवटा उठला तर काहीही सुरू करण्याआधी सर्जनला दाखवा. नाही उठला तर आज संध्याकाळीच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.

आता मांड्यांचं. रिपोर्ट चांगले आणि पाय मात्र लटपटणारे, हे कोडं घरोघरी पडतं, कारण रिपोर्ट लिव्हरचा असतो, पायांचा नसतो. निरोगी लिव्हर रात्रीसाठी साखरेचा साठा करून ठेवतं. सिरॉसिसमध्ये ते कोठार रिकामं असतं. मग रात्रीच्या उपाशी तासांत शरीर स्वतःचे स्नायू मोडून सरपणासारखे वापरतं. असं एक-दोन रात्री नाही, कित्येक महिने, कधी कधी वर्षं चालतं. त्यावर मोठं ऑपरेशन, अतिदक्षता विभागातले दिवस, आणि नंतर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. हे औषध नव्या लिव्हरला सांभाळतं, पण मांड्या आणि खांद्यांचे स्नायू झिजवतं. म्हणून जिना जड जातो, खालून उठताना हाताचा आधार लागतो. मालकांना मागाच्या भाषेत सांगा : मोटार नवी बसली, पण बीम, म्हणजे सुताचा रूळ, रिकामा आहे. तो भरल्याशिवाय कापड निघणार नाही. नवं लिव्हर बसलं म्हणून गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. तो फक्त कामाला लावल्यावर येतो. ऑपरेशन यशस्वी झालेल्यांचीही दमछाक कित्येकदा वर्षानुवर्षं टिकते, आणि तिच्यावर गुण येतो अशा मोजक्या गोष्टींत नेमानं केलेला व्यायाम वरच्या जागेवर आहे.

मी हे पोटतिडकीनं लिहितेय त्याला कारण आहे. माझ्या वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात मी, फिजिओथेरपी शिकलेली मुलगी, त्यांना अंथरुणावर पाणी नेऊन देत होते. मायेनंच. आजार बरा झाला, तोवर पाय गेले होते. मोरीपर्यंत न्यायला दोन माणसं लागायची. सासूबाईंचा हात मला म्हणूनच ओळखीचा वाटतो. त्यांना रागावू नका.

नेमाचा व्यायाम सुरू करण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांच्या टीमला एक फोन करा. पंधरा वर्षांची साखर आहे, तेव्हा हृदयाची तपासणी ऑपरेशननंतर कधी झाली आणि आता पुन्हा हवी का, हे विचारा. स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी झालीय का तेही विचारा. आणि वजन उचलण्यावर सर्जनची सध्याची मर्यादा किती किलोची आहे ते आकड्यातच सांगायला लावा. "जपून" हा आकडा नव्हे. "जपून" म्हटलं की घरात त्याचा अर्थ तांब्याही नको असा होतो.

मग घरातली साधी खुर्ची घ्या, हात नसलेली, भिंतीला टेकवून. मालकांनी हात छातीवर घडी घालून पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दर रविवारी पुन्हा मोजा. पहिल्या दिवशी पाच-सहावरच थांबले तरी हरकत नाही. दम लागेल, लागू दे. एकच सांभाळायचं : उठताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. श्वास कोंडला की पोटातला दाब वाढतो आणि तो थेट व्रणावर येतो. बिछान्यातून उठतानाही तसंच, आधी कुशीवर वळायचं आणि हातानं रेटून उठायचं.

चालणं सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एवढ्यावर सुरू करा. गती किती? शेजारी चालणाऱ्याशी बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. दर आठवड्याला एका फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा. एखादा आठवडा वाईट गेला तर मागच्या आठवड्याचीच मिनिटं पुन्हा करा. दोन-तीन आठवड्यांत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत पोचायचं आहे. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना किमान एवढा मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे त्यांच्यासाठी काही वेगळा, नाजूक नियम नाही, आणि हे त्यांना मुद्दाम सांगा. पहिले पंधरा दिवस गल्लीतच राहा. मग रिक्षानं किल्ल्याच्या बागेत किंवा सिद्धेश्वर तलावाकाठी जा आणि तिथे फिरा. सपाट, सावलीची जागा, दमलं तर टेकायला मिळतं, आणि सिद्धेश्वराचं देऊळ समोर दिसतं. त्यांच्यासारख्या माणसाला त्या दिसण्याचा उपयोग होईल असं मला वाटतं.

वेळ मात्र उजाडतानाची, नाहीतर ऊन उतरल्यावरची. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर नऊनंतर ऊन उतरेपर्यंत बाहेर पडूच नका. हे फक्त घामापुरतं नाही. टॅक्रोलिमससारखी, नवं लिव्हर टिकवण्यासाठी दिलेली औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात. त्यात अंगातलं पाणी कमी झालं तर ताण दुप्पट. दुसरं, ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे उन्हानं होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. टोपी किंवा उपरणं, पूर्ण बाहीचा शर्ट, उघड्या भागाला सनस्क्रीन. पाणी सोबत घ्या, टीमनं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेवढंच.

साखरेच्या माणसानं चालायला निघण्याआधी बोटाची साखर पाहावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल आणि आकडा १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊनच निघायचं. यात एक फसवी गोष्ट आहे. टॅक्रोलिमसनंही हात थरथरतात आणि साखर उतरली तरीही थरथरतात. अंदाजानं ठरवू नका, मशीनवर बघा. मीटर हाताशी नसेल आणि घाम फुटला, गरगरलं, तर खिशातली साखर आधी तोंडात टाका आणि मोजणं नंतर करा.

पाय पंधरा दिवस दुखतील. कुणीतरी हमखास मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून देईल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची गोळी घ्यायची नाही, एकसुद्धा नाही, कारण टॅक्रोलिमसच्या जोडीला तीही मूत्रपिंडावरच घाला घालते. गरम पाण्याची पिशवी शेका. फारच दुखलं तर पॅरासिटामोल, टीमनं सांगितलेल्या मात्रेत. तसंच गुळवेलीचा काढा, "लिव्हर साफ करणारी" चूर्णं, जिममधल्या पावडरी यांना घरात जागा देऊ नका. गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेले रुग्ण आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. शिवाय प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून जी वस्तू विकली जाते, तीच तुमच्या घरात नको आहे. इथं ती शक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय, नणंदेचं लिव्हर शरीरानं परकं समजू नये म्हणून. गोळ्यांची वेळ व्यायामासाठी पुढेमागे करू नका. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी मात्र रक्त देईपर्यंत टॅक्रोलिमस घ्यायचं नाही, हे लक्षात असू द्या.

खाण्यावर थोडं बोलते, कारण नऊ किलो कुठून आले ते मला पत्रातूनही दिसतंय. आजारी माणसाला तुपातला शिरा, ही आपल्याकडची माया. पण मालकांचं पहिलं लिव्हर चरबीनंच गेलं होतं, आणि ही चरबी नव्या लिव्हरमध्येही पुन्हा साठू शकते. ते लिव्हर नणंदेनं पोट फाडून घेऊन दिलंय. शिऱ्याच्या जागी रोज डाळ, दूध-दही मानवत असेल तर पाश्चराइज्ड दुधाचं, अंडी खात असतील तर नीट उकडलेली. स्नायू बांधायला प्रथिनं लागतातच, किती ते आहारतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. ज्वारीची कडक भाकरी खुशाल खा. शेंगाचटणी ताज्या, स्वच्छ शेंगदाण्यांची, चवीपुरती. त्यातलं मीठ रक्तदाबाला नडतं, आणि खवट किंवा बुरशी धरलेला दाणा लिव्हरला विषासारखा. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य, त्यानं औषधाची रक्तातली पातळी वाढते. डाळिंबाचं आपल्याकडं विचारायलाच हवं, सांगोल्याहून पाहुणे आले की पेटी आणतात. डाळिंबाच्या रसाबद्दलही काही डॉक्टर सावध करतात, तेव्हा टीमला विचारल्याशिवाय रोजचा रस सुरू करू नका. झोपण्याआधी थोडं प्रथिनांचं खाणं चालेल का तेही विचारून घ्या, रात्रीचं कोठार आठवतं ना?

चालताना छातीत दुखलं, बसल्यावरही धाप थांबली नाही, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. आणि १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी, पोटात दुखणं यातलं काही दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, पुण्याला फोन. शरीर लिव्हर नाकारू लागलं तरी सुरुवातीला कधी कधी काहीच जाणवत नाही, म्हणून कितीही तरतरी आली तरी रक्ततपासणी चुकवायची नाही.

कारखान्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण "गंजायलोय" या शब्दात तेच आहे असं मला वाटतं. वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस टीव्हीसमोर बसलाय. बीम चढवणं, वाकून जोर लावणं आता नको. कापसाचा तूसही फुफ्फुसाला बरा नाही. पण कारखानदार भला असेल तर घडी-पॅकिंगची देखरेख, मालाचा हिशेब, नव्या पोरांना माग बांधायला शिकवणं, असं रोजचे दोन-तीन तास, मास्क लावून, टीमच्या होकारानं सुरू करता येईल. पगार कमी मिळेल. तरीही जाऊ द्या. आणि "दारू पीत असणार" म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात मालकांचा श्वास घालवू नका. घरातल्यांनी मात्र एकदा त्यांच्यासमोर, पाहुण्यांच्या देखत, ठणकावून सांगा की हा आजार साखरेचा होता. ते स्वतः सांगणार नाहीत, अशी माणसं सांगत नाहीत.

तुम्ही न विचारलेली आणखी एक गोष्ट. नवरा-बायको म्हणून जवळ यायला आठ महिन्यांनंतर, जखम भरलेली असताना, साधारणपणे बंदी नसते. आजारात गेलेली इच्छा बऱ्याच जणांची परत येते, काहींची उशिरा येते. मूल होऊ द्यायचं असेल किंवा होऊ द्यायचं नसेल, दोन्ही बाबतीत औषधांमुळे डॉक्टरांशी बोलणं गरजेचं आहे. लाजू नका, त्यांना हा प्रश्न रोजचा असतो.

आणि नणंद. तुमच्या पत्रात तिला तीन शब्द मिळालेत. उजवा भाग दिला असेल तर तिनं आपल्या लिव्हरचा साठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा दिला. लिव्हर हा पुन्हा वाढणारा अवयव आहे, दोघांच्याही पोटात तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतांश भरून येतो. पण व्रण तिलाही आहे, थकवा तिनंही सोसलाय, आणि तिला पाण्याचा तांब्या कुणी हातात दिला की नाही, मला माहीत नाही. तिच्याही तपासण्या ठरल्याप्रमाणे होताहेत ना ते बघा. ती जवळपास राहत असेल तर रविवारच्या फेरीला तिला बोलवा. भावाला तिच्यासमोर बसून आभार मानणं कठीण जात असेल. शेजारी चालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, तेव्हा बोलणं जरा सोपं होतं.

आता नंदीध्वज. मी सोलापुरातच वाढले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, त्या सात काठ्या, आणि काठी तोलणाऱ्याच्या मानेवरच्या ताठ शिरा लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिल्यात. एखाद्याला "पेलू नकोस" सांगणं म्हणजे काय सांगणं, ते मला कळतं. तरीही सांगते : या जानेवारीत नाही. उंच, जड काठी तोलताना सगळा जोर पोट आणि कमरेवर येतो, आणि झोक गेला तर सावरायला क्षणात त्याहून दुप्पट जोर लागतो. छेद दिलेलं पोट तो झटका घेईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पुढे कधी? सर्जननं पोट तपासून, मांड्या-कंबर तयार झाल्यावर, कदाचित. किंवा कधीच नाही. खोटी आशा मी देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. हे तुम्ही एकटीनं सांगू नका. त्यांच्याबरोबर काठी धरलेल्या एखाद्या जुन्या सोबत्याला घरी बोलवा, त्याच्याकडून ऐकणं त्यांना कमी लागेल.

पण यात्रा फक्त पेलणाऱ्यांची नसते. पहिल्या दिवशी मिरवणूक अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला निघते, आणि ती वाट लांब आहे. त्यातला एक टप्पा मालकांनी चालायचा, असं आत्ताच ठरवा. कुठून कुठवर ते त्यांनाच ठरवू द्या. चार महिने हातात आहेत. गर्दीत मास्क, उघड्यावरचं खाणं नाही, आणि अनवाणी नाही. साखरेच्या पायाला लागलेला खडा लवकर कळत नाही, औषधांमुळे जखम लवकर भरत नाही. सिद्धरामेश्वर वहाणेवरून रागावणार नाहीत, हे मी श्रद्धेनंच म्हणते.

तरीही ते म्हणाले की आता माझ्याच्यानं काय होणार, तर त्यांना ख्रिस क्लगचं सांगा. अमेरिकेचा बर्फावर घसरत शर्यत खेळणारा खेळाडू. २००० च्या जुलैत त्याचं लिव्हर बदललं, आणि २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं. तो तरुण होता, आधीपासूनचा खेळाडू होता, त्याच्याशी बरोबरी करायची नाही. पण अवयव बदललेल्या माणसांच्या जागतिक स्पर्धा १९७८ पासून भरतात, आणि तिथे धावणारी कितीतरी माणसं एकेकाळी जिन्याच्या पायरीशी थांबलेली होती.

सासूबाईंना मोजायला बसवा. खुर्चीसमोर पाट टाकून त्यांना बसवा, हातात घड्याळ द्या, आणि लेकाच्या उठाबशा त्यांनीच मोठ्यानं मोजू देत. पोराला हलताना बघायची त्यांना सवय व्हायला हवी, तीही रोज थोडी थोडी. पहिल्या रविवारचा आकडा मला कळवा.